मुन्शींची साक्ष

धाराशिवच्या कोर्टात वकिली सुरू केली की हैदराबाद संस्थान अजून पुरते संपलेले नाही, हे पहिल्या काही आठवड्यांतच कळते. कुळाचा वाद आला की कपाटातून निघतो तो १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. इनामाच्या जमिनीचे भांडण आले की पक्षकार पिशवीतून मुंतखब, म्हणजे इनामाचा निझामी दाखला, काढून टेबलावर ठेवतात. मजकूर उर्दूत, साल फसली. खासरा पत्रकावर नाव कोणाचे, यावर दोन-दोन पिढ्या भांडतात. पुण्या-मुंबईत वकिली करणाऱ्या मैत्रिणींना हे सांगितले की त्यांना नवल वाटते. मलाही वाटले होते. शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन केले, मुक्तिसंग्रामाची गाणी म्हटली. पण ज्या राज्यातून आम्ही मुक्त झालो त्याचे कागद मला पुढे रोज हाताळावे लागतील, हे कोणी सांगितले नव्हते.

अशातच आमच्या वकील मंडळाने यंदाच्या १७ सप्टेंबरला नव्याने सनद घेतलेल्यांनी बोलावे असे ठरवले आणि माझ्या वाट्याला कन्हैयालाल माणेकलाल मुन्शी आले. मी ज्यांच्या ऑफिसात शिकते त्या साहेबांनीच विषय सुचवला होता. "हैदराबादेत भारत सरकारचे एजंट-जनरल होते. आपल्यासारखेच वकील. नंतर त्यावर पुस्तक लिहिलं त्यांनी. पंधरा मिनिटं बोल," एवढे सांगून साहेब युक्तिवादाला निघून गेले. मुन्शी म्हणजे भारतीय विद्या भवन आणि घटना समिती, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. तारीख वाढवून मागतानाही अजून माझा आवाज कापतो. तिथे सगळ्या बारसमोर एका मोठ्या माणसाविषयी काय बोलायचे, या विचाराने मी घाबरले.

पहिला गोंधळ त्यांच्या आयुष्याचाच. कागदाच्या डाव्या बाजूला साल आणि उजव्या बाजूला काम असे मांडायला घेतले आणि एकच माणूस एवढ्या जागी कसा, हे कळेना. जन्म १८८७ चा, भरूचचा. शिक्षण बडोद्याच्या कॉलेजात; अरविंद घोष तेव्हा तिथे शिकवत. १९१० मध्ये कायद्याची पदवी, १९१३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली. तिथे ते भुलाभाई देसाई यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच वर्षांत 'घनश्याम' या टोपणनावाने गुजरातीत कथा-कादंबऱ्या लिहीत होते. १९१६ मध्ये 'पाटणनी प्रभुता' आली, पुढे 'गुजरातनो नाथ' आणि 'राजाधिराज'. सोळंकी राजांच्या काळावरच्या या तीन कादंबऱ्यांनी गुजराती वाचकाला आपल्या भूतकाळाचे वेड लावले. दिवसा कोर्टात आणि रात्री बाराव्या शतकातल्या पाटणमध्ये, असा हा माणूस.

इथपर्यंत मला समजत होते. वकिली करता करता लिहिणारे आपल्याकडेही कितीतरी झाले. पण पुढे वाट फुटत गेली. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सरकारने शेतकऱ्यांवर जी जबरदस्ती केली तिची चौकशी करायला मुन्शी उभे राहिले. ते तेव्हा मुंबईच्या कायदे मंडळात होते आणि त्यांनी ती जागा सोडली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, १९३२ मध्ये पुन्हा तुरुंग. आणि १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात तेच मुन्शी मुंबई प्रांताचे गृहमंत्री! ज्या पोलिसांनी पकडून नेले त्यांचेच आता हे वरिष्ठ. १९४१ मध्ये अहिंसेच्या प्रश्नावरून काँग्रेस सोडली, १९४६ मध्ये परतले. संविधानाच्या मसुदा समितीत डॉ. आंबेडकरांबरोबर बसले. हिंदीला राजभाषेचा दर्जा देताना जी तडजोड झाली तिला आजही मुन्शी-अय्यंगार सूत्र म्हणतात. १९४८ मध्ये हैदराबाद. १९५० मध्ये केंद्रात अन्न व शेतीमंत्री. आपण शाळेत झाडे लावतो तो वनमहोत्सव त्यांनीच सुरू केला. १९५२ पासून पाच वर्षे उत्तर प्रदेशचे राज्यपाल. १९५९ नंतर राजाजींच्या स्वतंत्र पक्षात, म्हणजे ज्या पक्षाच्या सरकारात मंत्री होते त्याच्याच विरोधात.

मी तो कागद साहेबांना दाखवला. म्हटलं, "साहेब, यातला खरा मुन्शी कुठला धरायचा?"

साहेबांनी चष्मा वर केला. "हे बघ बेटा, तुला अख्ख्या आयुष्यावर बोलायचं नाहीये. एका वर्षावर बोल. जानेवारी ते सप्टेंबर अठ्ठेचाळीस. ते जमलं तरी पुष्कळ."

म्हणून मी मुन्शींचे 'द एन्ड ऑफ ॲन एरा' हातात घेतले. पुस्तक इंग्रजीत आहे आणि १९५७ मध्ये निघाले. हे साल मी वहीत ठळक करून ठेवले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक वाचकांपुढे होते. नकाशावरून नुकत्याच पुसल्या गेलेल्या राज्याविषयी, ते पुसण्यात ज्याचा हात होता त्यानेच लिहिलेले.

नव्या वाचकाला आधी परिस्थिती समजून घ्यावी लागते, तशी मी घेतली. हैदराबाद संस्थान ८२ हजार चौरस मैलांचे, वस्ती १ कोटी ६० लाखांच्या वर. सोळा जिल्हे, त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच मराठी. १५ ऑगस्ट १९४७ ला निझाम ना भारतात आला ना पाकिस्तानात गेला. २९ नोव्हेंबर १९४७ ला एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्या करारानुसार दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे आपापला प्रतिनिधी ठेवायचा होता. सरदार पटेलांनी त्या जागेसाठी मुन्शींना निवडले आणि जानेवारी १९४८ मध्ये ते हैदराबादला पोहोचले.

पुढचा भाग वाचताना माझ्यातली शिकाऊ वकील सावरून बसली. निझाम सरकारचे म्हणणे असे की एजंट-जनरल हा फक्त व्यापारविषयक प्रतिनिधी. राजकीय बाबतीत त्याने बोलायचे कारण नाही. राहायच्या जागेवरूनही खळखळ झाली आणि अखेर मुन्शींना हैदराबादजवळच्या बोलारमला, भारतीय लष्कराच्या ताब्यातल्या इमारतीत मुक्काम करावा लागला. म्हणजे वकील उभा राहिला आहे आणि समोरचा पक्ष त्याच्या वकीलपत्रालाच हरकत घेतो आहे. दाव्याला अजून हात लागलेला नाही, आणि तुम्हाला बोलायचा अधिकार तरी आहे का, यावरच महिने जातात. करार एक, त्याचे अर्थ दोन. 'जैसे थे' म्हणजे नेमके कसे होते ते? इंग्रज असताना रेसिडेंटला जे अधिकार होते ते भारत सरकारला मिळाले की नाही? असे प्रश्न मी कोर्टात रोज ऐकते, फक्त तिथे बांध आणि विहीर असते आणि इथे एक देश होता.

आणखी एका गोष्टीने मी चकित झाले. या सगळ्या प्रकरणात जिकडे पाहावे तिकडे वकील. निझामाच्या बाजूने वाटाघाटी करणारे सर वॉल्टर मॉन्क्टन हे इंग्लंडचे नामांकित बॅरिस्टर. नेहरू बॅरिस्टर, पटेल बॅरिस्टर. हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये दिगंबरराव बिंदू, काशिनाथराव वैद्य, बुर्गुल रामकृष्णराव, सगळे वकील. आणि रझाकारांचा, म्हणजे निझामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, पुढारी कासिम रझवी, तोही वकील, आणि वकिली कुठे करायचा, तर लातूरला. लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मी ज्या जिल्ह्याच्या कोर्टांत आज उभी राहते त्याच जिल्ह्यातून उठून एक वकील हैदराबादला जातो आणि हजारो सशस्त्र माणसांचा नेता होतो. कायदा शिकलेला माणूस दोन्हीकडे जाऊ शकतो, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून ठेवले होते. मुन्शींनी रझवीचे जे चित्र काढले आहे त्यात कादंबरीकाराचा हात दिसतो. माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पण खरा दुसरा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

पुस्तक रंगते, इतके रंगते की आपण इतिहास वाचतो आहोत हे विसरायला होते. प्रसंग उभे राहतात, संवाद येतात, खलनायक येतात. मग मनात येते, हे बोलते आहे कोण? भारत सरकारचा अधिकारी अहवाल देतो आहे? वकील आपल्या अशिलाची बाजू मांडतो आहे? पाटणच्या राजसभेची कादंबरी लिहिणारा लेखक दरबार रंगवतो आहे? की इतिहासकार निवाडा देतो आहे? एकाच पानावर चौघे बोलत असले तर माझ्यासारखीने विश्वास कोणावर ठेवायचा? वहीत टिपणे काढत होते, ती थांबवली. प्रत्येक वाक्यापुढे प्रश्नचिन्ह पडू लागले.

साहेबांना पुन्हा विचारले. या वेळी त्यांनी जे सांगितले ते मी पुढे जे जे वाचले त्या सगळ्याला लावले. ते म्हणाले, "न्यायाधीशाचा निकाल वाचतेस तसं वाचू नकोस त्याला. साक्षीदाराची सरतपासणी वाचतेस तसं वाच. साक्षीदार पक्षाचा असतो, हे आपल्याला माहीतच असतं. म्हणून काय आपण त्याची साक्ष फेकून देतो? त्याने डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं आणि त्याला काय वाटलं, हे वेगळं काढ. मग उलटतपासणी घे."

मी तसे करायला बसले. पुस्तकाच्या प्रकरणांतून तीन रंगांच्या पेन्सिली फिरवल्या. आणि पुस्तक उलगडू लागले.

सगळ्यात मोठी गोष्ट सप्टेंबरच्या दिवसांत हाती लागली. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून आली. त्याच दिवशी नळदुर्ग पडले. माझे गाव नळदुर्गजवळचे. बोरी नदी, किल्ला, पाणीमहाल हे माझ्या लहानपणीचे. म्हणून मी त्या पानांवर आतुरतेने गेले. आणि तिथे ध्यानात आले की कारवाई सुरू झाल्यावर मुन्शींना त्यांच्या मुक्कामीच पहाऱ्यात ठेवले होते. ज्या दिवसांत लढाई झाली ते दिवस हा साक्षीदार बोलारमच्या भिंतींआड होता. नळदुर्गचे, तुळजापूरचे, लातूरचे जे काही त्यांनी लिहिले असेल ते आमच्या भाषेत ऐकीव. कोर्टात मी त्याला तात्काळ हरकत घेतली असती.

पण १७ सप्टेंबरचा प्रसंग तसा नाही. पंतप्रधान लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निझामाने मुन्शींना बोलावून घेतले, पुढे काय करावे याची बोलणी झाली, आणि त्या संध्याकाळी निझाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून लढाई थांबवल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती एल एद्रूस चौधरींना शरण आले. निझामाची ती भेट आणि रेडिओवरची ती संध्याकाळ मुन्शींनी समोर बसून पाहिली आहे. सातव्या निझामाच्या राज्याचा शेवट इतक्या जवळून पाहून लिहिणारी माणसे किती? जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याची गणना होई तो राजा आता काय करू म्हणून विचारतो आहे, आणि उत्तर देणारा माणूस पेशाने वकील आहे. तिथे मुन्शींची साक्ष मी निःशंक मान्य करते. त्यांना राग असेल, अभिमान असेल, पण ते तिथे होते.

मग उलटतपासणी. मीर लायक अली यांचे 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' १९६२ मध्ये निघाले. ते निझामाचे शेवटचे पंतप्रधान, मूळचे अभियंते आणि उद्योजक. स्थानबद्धतेतून मार्च १९५० मध्ये निसटून ते पाकिस्तानात गेले आणि तिथून त्यांनी आपली बाजू लिहिली. मुन्शींवर त्यांचा कणभरही विश्वास नव्हता, हे लपत नाही. पुस्तक वाचताना मला त्रास झाला, कारण आमच्या घरी रझाकारांच्या आठवणी आहेत आणि हा माणूस निझामाच्या सरकारचा प्रमुख होता. तरी वाचले. एकाच आठवड्याविषयी दोन माणसे लिहितात आणि एकाचा विजय तो दुसऱ्याचा सर्वनाश असतो, तेव्हा तारखा आणि क्रम जिथे जुळतो तिथे पाय ठेवायला जागा मिळते. व्ही. पी. मेनन यांच्या संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या १९५६ च्या पुस्तकात हैदराबादवर तीन प्रकरणे आहेत. मेनन वकील नव्हते, सरकारी नोकरीत कारकुनापासून वर चढलेले. त्यांचे लिहिणे फायलीसारखे आहे, नेमके आणि कोरडे. मुन्शींच्या पुस्तकानंतर ते वाचले तर तापलेले डोके शांत होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ च्या. स्वामीजी त्या काळात बराच वेळ तुरुंगात होते, म्हणून त्यांची साक्ष पुन्हा निराळी: वाटाघाटींच्या टेबलाची नाही, चळवळीची. आणि मराठीत अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. तो आधी वाचला असता तर माझे बरेचसे भांबावणे वाचले असते, असे मला आता वाटते. गावे, माणसे, चळवळीचे सरहद्दीवरचे कॅम्प यांची ओळख तिथे होते. मुन्शींच्या पुस्तकात मराठवाडा दुरून दिसतो.

बारमध्ये मात्र माझ्या विषयाचे सगळ्यांना कौतुक नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लहानपणी मोर्चाला गेलेले एक वयोवृद्ध वकील चहाच्या टेबलावर स्पष्ट म्हणाले, "मुंबई महाराष्ट्राला देऊ नका म्हणणाऱ्या माणसावर आपण कशाला बोलायचं?" ते खोटे बोलत नव्हते. १९४८ मध्येच मुन्शींनी भाषावार प्रांत आणि मुंबईचे भवितव्य यावर पुस्तिका लिहिली आणि मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये ही बाजू मांडली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषावार प्रांत आयोगापुढे उलट मांडणी केली, मुंबई महाराष्ट्राचीच. मसुदा समितीतले दोन सदस्य, दोघेही कायद्याचे पंडित, आणि एकाच शहरावर समोरासमोर. मला वाटते, मुंबईच्या बाबतीत मुन्शींची बाजू चुकीची होती आणि इतिहासाने ती फेटाळली. पण म्हणून हैदराबादची त्यांची साक्ष रद्द होत नाही. एका दाव्यातला साक्षीदार दुसऱ्या दाव्यात विरुद्ध पक्षाकडे गेला तर पहिली साक्ष आपण फाडत नाही. हे मी त्या आजोबांना नम्रपणे सांगितले. त्यांना ते पटले नाही. पण कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

आता जे सांगायचे आहे ते मला सगळ्यात जड गेले.

माझ्या आजीला १९४८ आठवते. ती तेव्हा लहान होती. "त्या टायमाला रझाकार आले म्हणलं की माणसं अंधारातच निघायची," ती सांगते. "करोडगिरीचा नाका ओलांडला की इंग्रजी हद्द. सोलापूरच्या बाजूला. आईनं भाकरी फडक्यात बांधल्या नि आम्हाला उचललं." नातेवाइकांकडे ते काही महिने राहिले. फौज आल्यावर परतले. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण या वेळी मुन्शींच्या पुस्तकासाठी म्हणून मी तिला नीट विचारत बसले, वकिलासारखे, मधे न तोडता. परतल्यावर काय पाहिले, असे विचारले. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आधी आम्ही पळालो, मग ते पळाले. शेजारच्या घरातली माणसं मग दिसलीच नाहीत."

शेजारचे घर मुसलमानांचे होते.

कारवाईनंतरच्या त्या दिवसांत काय झाले, हे समजायला मुन्शींचे पुस्तक पुरत नाही. त्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीचा अहवाल वाचावा लागतो. पंतप्रधान नेहरूंनी ही समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानात पाठवली होती. तिच्या अंदाजानुसार कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. बाकीचे दोन गुलबर्गा आणि बिदर. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. मी मुक्तिसंग्राम दिनाची गाणी म्हणत मोठी झाले, आणि माझ्या जिल्ह्याविषयीची ही गोष्ट मला वकील झाल्यावर, एका भाषणाची तयारी करताना कळली. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, माझ्याच घरातली माणसे त्यांच्या भीतीने गाव सोडून पळाली. नंतर जे झाले तेही खरे आहे. अहवालात हेही लिहिले आहे की ठिकठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. दोन्ही सत्ये एका फाइलीत ठेवायला मला अवघड गेले, पण फाइल एकच आहे.

इथे मुन्शींविषयी माझे मत ठरले. ते मी तसेच मांडते. त्यांच्याकडे एक दुर्मीळ गुण होता: जे काम केले ते लिहून ठेवायचे, आणि आपल्या नावाने, आपल्या सहीने. १९६७ मध्ये 'पिल्ग्रिमेज टू फ्रीडम' काढले तेव्हाही आठवणींच्या जोडीला कागदपत्रे छापली. विद्या भवनाच्या भारतीय इतिहासाच्या अकरा खंडांची योजना त्यांची. संपादन रमेशचंद्र मजुमदार यांच्याकडे सोपवले. सत्तेच्या खुर्चीत बसलेली बहुतेक माणसे मागे फक्त सह्या ठेवून जातात. या माणसाने साक्ष ठेवली, म्हणून तर त्याची उलटतपासणी घेता येते. त्यांची उणीवही वकिलाचीच. अशील एकदा ठरला की ते त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःहून पुढे करत नाहीत. भारत सरकार हा त्यांचा अशील होता आणि पुस्तकभर तो तसाच राहिला. बोलारम आणि निझामाच्या दरबारासाठी मुन्शी पहिल्या दर्जाचे साक्षीदार. नळदुर्गसाठी, लातूरसाठी, माझ्या आजीच्या गावासाठी ते साक्षीदार नाहीत, आणि त्यांना तसे समजूही नये.

भाषण झाले. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, कोणी थांबवले नाही. सुंदरलाल समितीचा उल्लेख केला तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली, मग शांतता. नंतर दोन-तीन ज्येष्ठ वकील जवळ आले आणि आपापल्या घरच्या गोष्टी सांगू लागले. एकाचे वडील बार्शीच्या बाजूला सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. एकाच्या चुलत्याने एका कुटुंबाला कडब्याच्या गंजीत लपवले होते. यातले काहीही कुठे लिहिलेले नाही.

मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या वाचकांना, आणि विशेषतः नव्या वकिलांना, माझी एक विनंती आहे. १९४८ आठवणारी माणसे आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरात, गल्लीत कोणी असेल, हिंदू असो की मुसलमान, तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचा जबाब लिहून घ्या. त्यांच्याच शब्दांत लिहा, आपले मत मधे घालू नका. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. लिहून झाले की वाचून दाखवा, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या, तारीख घाला, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.